अंगणातले अरण्य

वन्यजीव छायाचित्रण म्हटले की ताडोबाचा वाघ आणि हातभर लांबीची लेन्स डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात या छंदाची सुरुवात घराच्या गॅलरीतून, सोसायटीच्या कुंपणापासून किंवा परसातल्या कढीपत्त्यापासून होऊ शकते. मात्र हा छंद जोपासताना पाखरांच्या संसारात ढवळाढवळ होणार नाही, याचे भान राखणे आवश्यक आहे.

सकाळचे सात वाजलेले असतात. गॅलरीतील जास्वंदीवर बोटभर लांबीचा शिंजीर येतो, फुलाच्या देठाशी चोच खुपसून मध चोरतो आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत दिसेनासाही होतो. शेजारच्या शेवग्याच्या वाळक्या फांदीवर तांबट पक्ष्याची एकसुरी ‘टुक टुक’ चाललेली असते. विजेच्या तारेवर कोतवाल बसलेला असतो. ऑफिसची घाई असलेल्या शहरी माणसाला यातले काहीच दिसत नाही. मात्र एकदा हातात कॅमेरा आला आणि त्या शिंजिराचे एक तरी स्पष्ट छायाचित्र मिळवायचे असे मनाने घेतले, की तीच गॅलरी निराळी भासू लागते. पक्षी कोणत्या वेळी येतो, कोणत्या फांदीवर आधी टेकतो, ऊन त्या फांदीवर केव्हा उतरते, या गोष्टी माणूस नकळत टिपू लागतो. घराभोवतीच्या वन्यजीवांचे छायाचित्रण हा छंद म्हणजे मूलतः पाहण्याची सवय आहे. कॅमेरा हे त्या सवयीचे निमित्त.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

एके काळी पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीशिवाय होत नसे. पक्षी ओळखायचा तर तो मारून हातात घ्यायचा, अशीच रीत होती. डॉ. सालिम अली यांचा पक्षीजगताशी परिचय झाला तोही असाच. १९०८ साली मुंबईत लहानग्या सालिमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावरील पिवळ्या ठिपक्याचे कोडे सोडविण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि त्यातून एका थोर पक्षीशास्त्रज्ञाची वाट सुरू झाली. पुढे १९८५ मध्ये त्यांनी आपल्या आत्मचरित्रालाही त्या चिमणीचेच नाव दिले.

त्याच्याही आधी, १८९२ मध्ये, इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी या कीर्टन बंधूंनी पक्ष्याच्या घरट्याचे व अंड्यांचे छायाचित्र घेतले होते. पाखरे बुजू नयेत म्हणून हे भाऊ पेंढा भरलेल्या बैलाच्या पोटात कॅमेरा घेऊन दडत असत. १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स’ या ग्रंथाने निसर्गाच्या पुस्तकांत छायाचित्रांचे युग आणले. त्या काळी काचेच्या जड पट्ट्या वाहून नेल्याशिवाय चित्र मिळत नसे. नंतर फिल्मचा जमाना आला. एका रोलमध्ये छत्तीस चित्रे, शिवाय धुण्याचा आणि छपाईचा खर्च वेगळा. उडता पक्षी टिपण्याच्या नादात अख्खा रोल वाया जाई. डिजिटल कॅमेऱ्याने ही धास्ती संपविली. चुकलेले चित्र पुसून पुन्हा प्रयत्न करणे फुकट झाले आणि श्रीमंतांचा समजला जाणारा हा छंद मध्यमवर्गीय घरांत शिरला.

घराभोवती आहे तरी काय?

शहरात वन्यजीव उरलेच कुठे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर महाराष्ट्रातील शहरांनी वेळोवेळी दिले आहे. मुंबईच्या आरे वसाहतीतून २०११ मध्ये विंचवाची एक नवी जात शास्त्रीय साहित्यात दाखल झाली आणि तिचे नावही आरेवरून ठेवले गेले. ठाणे जिल्ह्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ मध्ये शहीद पोलीस कर्मचारी तुकाराम ओंबळे यांचे नाव देण्यात आले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या पाड्यातील बोळातून रात्री चालत जाणाऱ्या बिबट्याच्या छायाचित्राला २०१६ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या जागतिक स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले. ते टिपणारे नयन खानोलकर मुंबईचेच.

बिबट्या प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, येऊही नये. साळुंकी, बुलबुल, दयाळ, शिंपी, भारद्वाज, खंड्या, वेडा राघू, मुनिया ही मंडळी मात्र बहुतेक शहरांत थोड्याशा झाडीतही भेटतात. पुण्यासारख्या शहरात जुन्या वड-उंबरांवर राखी धनेशाची जोडी दिसते. पावसाळा सुरू झाला की दिव्याभोवती पतंग गोळा होतात आणि मोकळ्या मैदानांवर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. या थव्यांतील ‘ग्लोब स्किमर’ नावाचा पिवळसर चतुर हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत स्थलांतर करतो, हे कळल्यावर गच्चीवरील साध्या किड्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

कोणत्या झाडावर कोण येणार, हे ज्याला कळले त्याचे निम्मे काम झाले. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस आणि पांगारा फुलतात, तेव्हा त्या झाडांवर पक्ष्यांची पंगतच बसते. उंबर पिकला की तांबट, हळद्या, बुलबुल हजेरी लावतात. फुलपाखरांचे गणित याहून नेमके. प्रत्येक जातीची मादी ठरावीक वनस्पतींवरच अंडी घालते. कढीपत्ता आणि लिंबावर ‘लाइम’ व ‘कॉमन मॉर्मन’, रुईवर ‘प्लेन टायगर’, आंब्यावर ‘बॅरन’, सीताफळावर ‘टेल्ड जे’ असा हा ठरलेला संसार. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याचीही अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते. म्हणजे कुंडीत कढीपत्त्याचे एक रोप लावले आणि त्यावर कीटकनाशक मारले नाही, तर घरच्या घरी अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सारा प्रवास टिपता येतो. लाइमची कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, वाढल्यावर पानासारखी हिरवी होते. शत्रूला फसविण्याची ही दोन सोंगे एकाच रोपावर पाहायला मिळतात.

कॅमेरा कोणता घ्यावा?

नवशिक्याचा पहिला प्रश्न हाच असतो आणि दुकानदाराचे उत्तर बहुधा महागडे असते. हाती असेल त्या कॅमेऱ्याने सुरुवात करावी, हा जुन्या जाणत्यांचा सल्ला आजही लागू आहे. फुलपाखरे, कोळी, सरडे, बेडूक यांच्यासाठी चांगला मोबाइलही पुरतो. त्यावर चिमट्याने बसवायची छोटी भिंगे मिळतात. पक्ष्यांसाठी मात्र लांबचे जवळ आणणारी लेन्स हवी.

यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. शिंजीर साधारण दहा सेंटिमीटरचा. तो पाच मीटरवर असताना ३०० मिलिमीटरच्या लेन्सने टिपला तर संवेदकावर त्याची प्रतिमा सुमारे सहा मिलिमीटरची पडते. सर्वसाधारण डीएसएलआर कॅमेऱ्याचा संवेदक अंदाजे चोवीस मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे पक्षी चौकटीची जेमतेम पाव रुंदी व्यापतो. तोच दहा मीटरवर गेला तर आठवा हिस्सा. अंतर निम्मे करणे आणि दुप्पट लांबीची लेन्स विकत घेणे यांचा परिणाम सारखाच होतो. पहिल्याला पैसे पडत नाहीत, धीर मात्र लागतो.

ज्यांना लेन्स बदलण्याची कटकट नको, त्यांच्यासाठी एकसंध ‘ब्रिज’ कॅमेऱ्यांचा पर्याय आहे. २०१५ मध्ये आलेल्या निकॉन पी-९०० ची झूम क्षमता ८३ पट होती, तर २०१८ मधील पी-१००० ची १२५ पट. या कॅमेऱ्यांचा संवेदक लहान असल्याने मंद प्रकाशात चित्रात दाणे येतात. पक्षी ओळखण्यापुरती आणि नोंदीपुरती चित्रे मात्र उत्तम मिळतात. आरसाविरहित अर्थात मिररलेस कॅमेऱ्यांपैकी अनेक आता पक्ष्याचा डोळा स्वतःच हुडकून त्यावर फोकस धरतात. पूर्वी वर्षानुवर्षांच्या सरावाने साधणारी गोष्ट त्यामुळे सोपी झाली आहे. पक्षी कोठे बसेल, हे मात्र अजून कोणताही कॅमेरा सांगत नाही.

प्रकाश, वेग आणि डोळ्यांची पातळी

सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा दीड तास ही छायाचित्रकाराची हक्काची वेळ. दुपारचे ऊन डोक्यावरून पडते. त्यामुळे कावळ्याचा काळा रंग नुसता डाग होऊन जातो आणि बगळ्याची पांढरी पिसे उन्हात धुऊन निघतात. श्रावणातील ढगाळ दिवस फुलपाखरांसाठी आणि फुलांसाठी फार चांगले, कारण ढगांमुळे प्रकाश मऊ होतो आणि सावल्या कठोर राहत नाहीत.

फांदीवर स्वस्थ बसलेल्या पक्ष्यासाठी सेकंदाचा पाचशेवा हिस्सा हा शटरचा वेग बहुधा पुरतो. उडत्या पक्ष्यासाठी हजारावा हिस्सा आणि फुलापुढे फडफडणाऱ्या शिंजिरासाठी दोन हजारावा हिस्सा लागतो. वेग वाढविला की प्रकाश कमी पडतो. तेव्हा लेन्सचे छिद्र मोठे करावे लागते किंवा आयएसओ वाढवावा लागतो. आयएसओ वाढल्याने चित्र थोडे दाणेदार होते. ते हललेल्या चित्रापेक्षा केव्हाही बरे.

फोकस नेहमी डोळ्यावर असावा. शेपूट धूसर झाली तरी चालते, डोळा धूसर झाला तर चित्र मेले. दुसरी गोष्ट म्हणजे पातळी. चिमणीचे चित्र उभ्याने, वरून खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने घेतले तर ती फरशीवरचा ठिपका वाटते. तेच जमिनीवर बसून किंवा पोटावर झोपून तिच्या डोळ्यांच्या रेषेत घेतले तर चिमणीला व्यक्तिमत्त्व येते. २०१८ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’चे दहा वर्षांखालील मुलांचे पारितोषिक पंजाबातील कपूरथळ्याच्या एका मुलाला मिळाले, ते सांडपाण्याच्या जुन्या नळातून डोकावणाऱ्या दोन पिंगळ्यांच्या चित्रासाठी. मोटारीच्या खिडकीतून टिपलेल्या या चित्रात दोन्ही पिंगळे थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघतात. पाखरे उभ्या मोटारीला सहसा बुजत नाहीत. माणूस खाली उतरला की मात्र उडून जातात. घराची अर्धवट उघडी खिडकी आणि तिच्यावरचा पडदा यांचाही असाच आडोसा होतो.

भिंगाखालचे जग

ज्यांच्या घराभोवती फारशी झाडी नाही, त्यांनी सूक्ष्म अर्थात मॅक्रो छायाचित्रणाकडे वळावे. शंभर मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स किड्याची प्रतिमा त्याच्या मूळ आकाराएवढी टिपते. ती परवडत नसेल तर नेहमीची लेन्स उलटी बसविण्याची कडी किंवा लेन्स व कॅमेरा यांच्यामध्ये घालायच्या पोकळ नळ्या अल्प खर्चात मिळतात. मात्र इतक्या जवळून फोकसचा पट्टा जेमतेम एखाद्या मिलिमीटरचा उरतो. कोळ्याचे डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर होतात. श्वास रोखून शरीर किंचित पुढेमागे करीत अनेक चित्रे घ्यायची आणि त्यातून एक निवडायचे, हाच त्यावरचा उपाय. फ्लॅशचा प्रकाश थेट न टाकता पांढऱ्या कागदातून किंवा पातळ थर्मोकोलमधून गाळून टाकला तर किड्याच्या पाठीवर चकचकीत डाग उमटत नाहीत.

गवतात, दगडांच्या ढिगाऱ्यात किंवा पालापाचोळ्यात हात घालण्याआधी मात्र नीट पाहावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आढळतात आणि घोणस तर पाचोळ्यात सहजी दिसतही नाही. सापाचे चित्र दुरून, लांब लेन्सने घ्यावे. त्याला काठीने डिवचून फणा काढायला लावणे धोक्याचे तर आहेच, शिवाय क्रूरही आहे.

घरट्याचा मोह

या छंदातील सर्वांत नाजूक प्रश्न घरट्याचा आहे. बुलबुलाने गॅलरीतील कुंडीत घरटे बांधले की घरातल्यांना आनंद होतो आणि दुसऱ्याच मिनिटाला मोबाइल बाहेर निघतो. चांगले दिसावे म्हणून एखादे पान बाजूला केले जाते, एखादी फांदी बांधून ठेवली जाते. त्या पानाने घरट्यावर सावली धरलेली असते आणि कावळ्याच्या नजरेपासून ते लपविलेले असते, याचा विचार कोणी करीत नाही. बुलबुलाची अंडी उबायला सुमारे दोन आठवडे लागतात. वारंवार कोणी डोकावू लागले तर पालक घरटे सोडून जाऊ शकतात. ते परत आले तरी दरम्यान अंडी उन्हात तापतात किंवा पावसात गारठतात. माणसाची ये-जा पाहून कावळ्यांना घरट्याचा सुगावा लागतो तो वेगळाच. एका चित्रापायी अशी अख्खी वीण वाया जाऊ शकते आणि छायाचित्रकाराला आपल्या हातून काय घडले याचा पत्ताही लागत नाही.

जोखीम माणसालाही असते. प्रख्यात ब्रिटिश पक्षीछायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांना १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्याजवळ चित्रणासाठी गेले असताना एक डोळा गमवावा लागला. चिडलेल्या घुबडाने अंधारात थेट चेहऱ्यावर झेप घेतली होती. हॉस्किंग यांनी त्यानंतरही छायाचित्रण सोडले नाही, पण रागावलेल्या आईबापाच्या वाटेत जाऊ नये, हा धडा त्यांच्या कथेतून सर्वांनी घेण्यासारखा आहे.

भारतात हा केवळ नीतीचा मुद्दा राहत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देण्याचाही समावेश आहे. बंदूक न उचलताही माणूस शिकारी ठरू शकतो, हे कॅमेरा उचलणाऱ्याने ध्यानात ठेवावे. अभयारण्यात छायाचित्रण करायचे तर वन विभागाची परवानगी लागते, हेही याच कायद्यात नमूद आहे. छायाचित्रांच्या अनेक स्पर्धांनी आणि पक्षीप्रेमींच्या व्यासपीठांनी आता घरट्यावरील चित्रे न स्वीकारण्याचे धोरण ठेवले आहे.

घरट्याखेरीज आणखी काही मोह आहेत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे ही त्यांतलीच एक खोड. विणीच्या हंगामात नर त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजून धावून येतो आणि हद्द राखण्यात आपली शक्ती वाया घालवतो. फांदीवर अळ्या ठेवून पक्ष्याला ठरावीक जागी बसविणे, घुबडाच्या डोळ्यांवर पुन्हा पुन्हा फ्लॅश मारणे, रोहितांचा थवा उडावा म्हणून होडी थेट त्यांच्यात घालणे, फुलपाखरू सुस्त व्हावे म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवणे, हे प्रकारही त्याच पंक्तीतले. चित्र सुंदर येते, पण ते ज्याचे असते त्याने त्याची किंमत मोजलेली असते.

चित्राची नोंद होते तेव्हा

छंदातून निघालेले छायाचित्र विज्ञानाच्या कामी कसे येते, याचे अलीकडचे बोलके उदाहरण हिमाचल प्रदेशातील आहे. २०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, चंबा जिल्ह्यातील आपल्या गावी परतलेल्या वीरेंद्र भारद्वाज या विद्यार्थ्याने घराच्या परिसरातील एका सापाचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकले. संशोधक झीशान मिर्झा यांच्या नजरेस ते पडले आणि हा साप नेहमीचा कुकरी साप नसावा, अशी शंका त्यांना आली. पुढे नमुने तपासण्यात आले, डीएनए पडताळण्यात आला आणि डिसेंबर २०२१ मध्ये ‘ऑलिगोडॉन चुराहेन्सिस’ ही नवी जात जाहीर झाली. चुराह हे तेथील खोऱ्याचे नाव. टाळेबंदी नसती तर हे विद्यार्थी बहुधा दूरच्या जंगलात असते आणि घरामागचा साप तसाच अनामिक राहिला असता.

प्रत्येकाला नवी जात सापडणार नाही. साध्या नोंदीचे मोल मात्र त्यामुळे कमी होत नाही. पक्ष्यांसाठी ‘ई-बर्ड’, फुलपाखरांसाठी ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ आणि सर्व सजीवांसाठी ‘आय-नॅचरॅलिस्ट’ व ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ येथे कोणालाही आपली चित्रे तारीख आणि ठिकाणासह नोंदविता येतात. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या पक्षीगणनेत भारत २०१३ पासून सहभागी आहे. अशा हौशी लोकांच्या नोंदींवरच ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल उभा आहे. २०२३ च्या अहवालासाठी सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी वापरून ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. चिमण्या देशभर नामशेष होत आहेत, हा सर्वत्र पसरलेला समज २०२० च्या अहवालाने तपासला. देशपातळीवर चिमण्यांची संख्या बरीचशी स्थिर आहे, महानगरांत मात्र ती घटली आहे, असे त्यातून दिसले. हा निष्कर्ष कोणा एका शास्त्रज्ञाच्या आवाक्यातला नव्हता. त्यासाठी हजारो गॅलऱ्या आणि हजारो सकाळी लागल्या.

शहरांतील जुन्या इमारती पाडल्या जात आहेत आणि त्यांच्यासोबत अंगणातील आंबे, विहिरीकाठचे उंबर आणि कुंपणावरच्या वेलीही जात आहेत. येथे अमुक साली तांबट राहत होता, असे पुढे कोणी सांगितले तर त्याला पुरावा मागितला जाईल. तेव्हा एखाद्या मध्यमवर्गीय घरातील संगणकात, तारखेसह जपून ठेवलेले एक साधेसे छायाचित्र उपयोगी पडेल. ते स्पर्धेत पहिले आले होते की नाही, हे त्या वेळी कोणी विचारणार नाही.

चौकट : नवशिक्यांसाठी

● पहिला महिना एकाच जागी, एकाच वेळी बसा. जागा बदलण्यापेक्षा पाखरांना आपली सवय होऊ देणे अधिक फलदायी.

● गॅलरीत उथळ भांड्यात पाणी ठेवा. ते रोज बदला आणि भांडे घासा, अन्यथा डासांची पैदास होते. जवळ एखादी वाळकी फांदी रोवली तर पक्षी पाण्याआधी तिच्यावर टेकतो.

● भडक रंगांचे कपडे आणि अचानक हालचाली टाळा.

● पक्षी मान ताठ करून बघू लागला, ओरडू लागला किंवा चोचीत चारा धरून घुटमळू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरा.

● घुबडासारख्या संवेदनशील जीवांचे चित्र प्रसिद्ध करताना नेमके ठिकाण सांगू नका.

● प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ, ठिकाण आणि झाडाचे नाव लिहून ठेवा.

● शेजाऱ्यांच्या खिडकीकडे लांब लेन्स रोखण्याआधी त्यांना कल्पना द्या. पाखरांप्रमाणेच माणसेही बुजतात.